डार्क विंड्स बघून झाली, आता लीपहॉर्नची पुस्तकं कुठून सुरू करू? (बजेट 800)

उन्हाळी_वाचन
मंडळी, 'डार्क विंड्स' ही अमेरिकी मालिका संपवली आणि तेव्हापासून डोक्यात तो जो (Joe) लीपहॉर्नच बसलाय. नावाहो (अमेरिकेतली एक मूळ जमात) पोलिसातला लेफ्टनंट, बोलतो कमी बघतो जास्त. मूळ पुस्तकं टोनी हिलरमनची आहेत हे कळलं पण यादी काढली तर 18 निघाली, वर मुलीने पुढे चालवलेली वेगळीच. बजेट 800 रुपये. दोन बसली तर उत्तम, नाहीतर एकच पण चांगलं. छापीलच हवं, फोनवर वाचून वाचून डोळ्यांची वाट लागलीय. जुनं चालेल. पहिल्यापासूनच वाचावं लागतं का मधलं कुठलंही उचललं तरी चालतं? आणि त्याच्या जोडीचा पोलीस जिम ची (Chee) पण हवा, मालिकेतली दोघांची जुगलबंदी फार आवडली.

पानगळ
किंडल घ्या. मी घेतलं आणि घरातली दोन कपाटं रिकामी झाली, बायको खूश. अक्षर मोठं करता येतं, डोळ्यांचा प्रश्नच मिटला. सुरुवातीला खर्च वाटतो पण नंतर वसूल होतो.

उन्हाळी_वाचन
800 मध्ये किंडल कुठे मिळतं ते पण सांगा 🙂

मास्तर_निवृत्त
क्रमानेच वाचा. मालिका म्हणजे मालिका. 1970 चं 'द ब्लेसिंग वे' पहिलं, मग 'डान्स हॉल ऑफ द डेड', मग 'लिसनिंग वुमन'. माझ्याकडे जवळजवळ सगळा सेट आहे, भाच्याने अमेरिकेहून बॅगेत भरभरून आणला, काही हार्डकव्हर आहेत. कुणाला उसने देत नाही, आधीच सांगतो.

झणझणीत
मास्तर, माफ करा पण 'ब्लेसिंग वे'पासून सुरू करायला सांगून तुम्ही माणूस पळवून लावाल. मी लीपहॉर्न लीपहॉर्न करत ते आणलं आणि बघतो तर मॅक्की नावाचा मानववंशशास्त्राचा प्राध्यापकच सगळीकडे, आपला माणूस मधूनमधून डोकावतो, पैसे परत मागावेसे वाटले. खरा लीपहॉर्न दुसऱ्या पुस्तकात उभा राहतो. 'डान्स हॉल ऑफ द डेड'ला 1974 चा एडगर (रहस्यकथांचा पुरस्कार) मिळालाय, सर्वोत्तम कादंबरीचा. झुनी या दुसऱ्या मूळ जमातीच्या गावातला एक पोरगा गायब, त्याचा नावाहो दोस्त पण गायब, आणि हा त्या दुसऱ्या पोराच्या मागावर. पावलांचे ठसे, विझलेली शेकोटी, पोराने काय खाल्लं असेल, कुठल्या वाटेने गेला असेल, असं करत करत जातो. पळापळ नाही, गोळीबार जेमतेम. एवढं एक घ्या.

चिंचेचं_झाड
जुनं घेणार असाल तर सांभाळून!! मी एका ऑनलाइन जुन्या पुस्तकवाल्याकडून 'लिसनिंग वुमन' मागवलं, लिहिलेलं 'व्हेरी गुड कंडिशन', आलं तेव्हा शेवटची पानं फाटलेली. गुन्हा कुणी केला तेच कळेना. तक्रार केली तर म्हणे फोटो पाठवा, आता नसलेल्या पानांचा फोटो कसा काढू. शेवटी ऑडिओबुक ऐकून शेवट कळला. ऑडिओ घ्या खरं तर, स्वयंपाक करता करता होतं.

फिनिक्सवासी
मी इकडे ॲरिझोनात राहतो म्हणून सांगतो, पुस्तकं नंतर, आधी नकाशा बघा. नावाहो नेशन म्हणजे ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा तिन्हीत पसरलेला सुमारे 71,000 चौरस किलोमीटरचा मुलूख, आपल्या मराठवाड्याहून मोठा. राजधानी विंडो रॉक. शिपरॉकचा खडक लांबून दिसायला लागतो आणि तासभर गाडी मारली तरी तेवढाच लांब वाटतो. एवढ्या मुलखात मोजके पोलीस, रस्ते कच्चे, पुढचा माणूस दोन तासांवर. म्हणून लीपहॉर्नच्या ऑफिसात भिंतीवर तो 'इंडियन कंट्री'चा मोठा नकाशा असतो आणि प्रत्येक केसला तो रंगीत टाचण्या टोचत बसतो. बाकीचे हसतात पण त्याची सगळी तपासाची पद्धत त्या नकाशात आहे.
आणि कुणाच्या घरी गेला की दारावर थापा मारत नाही. होगनपासून (नावाहोंचं पारंपरिक घर) जरा लांब गाडी लावायची आणि आतच बसून राहायचं, घरच्यांना वाटलं की ते बाहेर येतात. मालिकेत एवढं दाखवत नाहीत, पुस्तकात हे वाट बघणं मस्त आहे.
गंमत म्हणजे उन्हाळ्यात फिनिक्सहून निघालात तर घड्याळ एक तास पुढे करायला लागतं, ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, नावाहो नेशन पाळतं, आणि नावाहोंच्या मुलखाच्या आत होपी या दुसऱ्या जमातीचा मुलूख आहे ते परत पाळत नाहीत.

पानगळ
म्हणजे एकाच रस्त्यावर घड्याळ तीनदा बदलायचं? काहीही.

फिनिक्सवासी
काहीही नाही हो, खरं आहे. किंडलवर शोधा.

सातारी_तडका
नावाहोंमधलं कुळाचं प्रकरण मला फार आवडलं. ओळख करून देताना आधी आईचं कुळ मग बापाचं कुळ सांगतात. आपल्या सगोत्र लग्नासारखंच, एका कुळात लग्न नाही. जिम ची आणि त्याची मैत्रीण जॅनेट पीट यांचं पण यावरून अडतं.

झणझणीत
सारखंच कसं? आपलं गोत्र बापाकडून येतं, त्यांच्यात पोर आईच्या कुळात जन्माला येतं, बापाच्या कुळासाठी. आणि होगन, मेंढ्या बहुतेक बाईच्या बाजूला. उलटं आहे.

सातारी_तडका
मी बंधनाबद्दल बोलतोय, मालमत्तेबद्दल नाही. उगाच वाद.

कायद्याचं_बोला
मालिका बघताना प्रश्न पडला असेल की खून झाला की एफबीआयवाले येऊन केस का उचलतात. 1885 चा मेजर क्राइम्स ॲक्ट. राखीव मुलखात मूळ अमेरिकी माणसाने खून वगैरे मोठा गुन्हा केला तर खटला केंद्राचा, म्हणून तपासाला एफबीआय. नावाहो पोलिसांकडे दारू, मेंढ्यांच्या चोऱ्या, मारामाऱ्या. लीपहॉर्न आणि ची बऱ्याचदा दुसऱ्याच कामाला गेलेले असतात आणि त्या कामातून खुनाचा धागा सापडतो, मग एफबीआयच्या साहेबाला न दुखवता तो ओढायचा. अर्धी मजा यात आहे. आमच्याकडे तालुक्याला क्राइम ब्रांच येते तेव्हा ठाण्यातल्या हवालदाराचा चेहरा बघा, अगदी तेच.

उन्हाळी_वाचन
हे भारी सांगितलंत. पण घेऊ कुठलं?

मृण्मयी_न
मूळ मुद्दा कुणीच काढला नाही. हिलरमन स्वतः नावाहो नव्हते. ओक्लाहोमात वाढलेला गोरा पत्रकार, नंतर न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवलं. त्यांच्या विधी-श्रद्धांवर रहस्यकथा बेतून विकायच्या हे मला पटत नाही. स्किनवॉकरबद्दल (प्राण्याचं रूप घेणारा चेटक्या) तर तिथली माणसं आपसातही बोलायला टाळतात आणि इथे पुस्तकाचं नावच ते. त्यापेक्षा रमोना इमर्सनचं 'शटर' (2022) वाचा, लेखिका स्वतः नावाहो आहे. नायिका अल्बुकर्की पोलिसांची घटनास्थळाचे फोटो काढणारी, आणि तिला मेलेली माणसं दिसतात.

मास्तर_निवृत्त
ताई, नावाहो ट्रायबल कौन्सिलनेच 1987 साली त्यांना दिनेह (म्हणजे नावाहोच) लोकांचे खास मित्र म्हणून गौरवलं होतं. त्यांना चालतं तर आपण कोण?

मृण्मयी_न
कौन्सिलने गौरव केला म्हणजे प्रत्येकाला चालतं असं होत नाही काका. आणि मी वाचू नका म्हटलेलं नाही, मी पण बरीच वाचलीत. 'शटर' पण वाचा म्हणतेय.

चहाबाज
लीपहॉर्न आणि ची दोघं हवेत ना? मग प्रश्नच नाही, 'स्किनवॉकर्स' (1986). पहिली तीन एकट्या लीपहॉर्नची, पुढची तीन एकट्या चीची, सातव्यात दोघं पहिल्यांदा एकत्र. सुरुवातच बघा, रात्री ची त्याच्या ट्रेलरमध्ये झोपलाय, दाराच्या जाळीला खाली केलेल्या झडपेतून मांजर आत येतं, त्या खटखट आवाजाने जाग येते म्हणून हा उठतो, आणि तेवढ्यात बाहेरून शॉटगनच्या गोळ्या पत्रा फाडून बिछान्यापाशी. मांजर नसतं तर संपला होता. दोघांचं पटत पण नाही सुरुवातीला. लीपहॉर्नला चेटूक-करणीचा भयंकर राग, ची दिवसा पोलीस आणि उरलेल्या वेळात मंत्र पाठ करून हताली व्हायला बघतोय, म्हणजे विधी करणारा, गाणारा. मालिकेसारखा एफबीआयचा छुपा माणूस वगैरे नाही हा पुस्तकात.

चिंचेचं_झाड
+1 स्किनवॉकर्स. पण ऑडिओ.

डॉ_बेफिकीर
'द फर्स्ट ईगल' कुणीच कसं सांगितलं नाही? प्लेगवर आहे. पिसवा, प्रेअरी डॉग (खारीसारखे बिळात राहणारे प्राणी), संशोधक, सगळं व्यवस्थित. त्या भागात प्लेग अजूनही अधूनमधून सापडतो.

सातारी_तडका
प्लेग म्हटलं की आपलं पुणं आणि 1897. रँडला...

झणझणीत
धागा कुठे चाललाय!!

गोदाकाठ
मला विचाराल तर 'अ थीफ ऑफ टाइम' (1988). न्यू मेक्सिकोतल्या चाकोच्या खोऱ्यातली हजार वर्षांपूर्वीची मडकी, ती उकरून विकणारे चोर, आणि त्या मडक्यांवर काम करणारी संशोधक बाई बेपत्ता. सगळ्यात जास्त मनाला लागलेलं हेच. बायको एमा गेल्यावर लीपहॉर्नने राजीनामा टाकलाय, रजेवर आहे, घरात करमत नाही म्हणून शोधायला निघतो.

उन्हाळी_वाचन
एमा जाते????

मास्तर_निवृत्त
म्हणून म्हणत होतो क्रमाने वाचा.

गोदाकाठ
अहो पुस्तक सुरू होतं तेव्हा ती गेलेलीच असते, हा काय रहस्याचा भाग नाही. 1988 चं पुस्तक आहे, त्याला कसला स्पॉइलर.

चहाबाज
तिने आत्ताच मालिका संपवलीय हो, त्यात एमा चांगली नर्स वगैरे आहे. जरा तरी.

वरवरचा
सगळी चांगली आहेत फक्त शेवटची नका घेऊ. 'द सिनिस्टर पिग' मी रेल्वेत वाचायला घेतलं, त्यात पाइपलाइन, वॉशिंग्टनचे बडे लोक, सगळं लांबलांबचं. लीपहॉर्न निवृत्त. अजिबात मजा नाही.

उन्हाळी_वाचन
सगळ्यांना थँक्यू. काल अप्पा बळवंत चौकात दुसऱ्या कामाला गेले होते, तिथे एका जुन्या पुस्तकवाल्याकडे हिलरमन एकच होतं आणि ते नेमकं 'द सिनिस्टर पिग'. दीडशे म्हणाला, शंभरला दिलं. पानं सगळी आहेत, मोजली. घेतलं.

चहाबाज
अगं बाई. एवढं सगळ्यांनी लिहून.

वरवरचा
मी एकच नका घेऊ म्हटलेलं.

उन्हाळी_वाचन
म्हणूनच उत्सुकता वाटली. आणि मला तर आवडतंय. पाइपलाइनच्या आत साफसफाईसाठी जे यंत्र ढकलतात त्याला पिग म्हणतात हे पण कळलं. आणि मूळ अमेरिकींच्या जमिनीतल्या तेल-गॅसच्या रॉयल्टीचे पैसे कुठे मुरले हा भाग तर चांगलाच झोंबणारा आहे. उरलेल्या सातशेत 'स्किनवॉकर्स' नवीन मागवेन. फक्त एक सांगा, यात बर्नी मॅन्युएलिटो नावाहो पोलीस सोडून थेट मेक्सिकोच्या सीमेवर नोकरीला कशी? मालिकेत तर ती लीपहॉर्नच्या हाताखालीच होती.

झणझणीत
मालिकेत तिला पहिल्यापासून घेतलंय. पुस्तकात ती येतेच 1996 मध्ये, 'द फॉलन मॅन'ला. मग 'द वेलिंग विंड'मध्ये गाडीत एक मेलेला माणूस सापडतो, पुराव्याची भानगड होते, त्यात ची तिचा साहेब आणि मनात दुसरंच काहीतरी, त्यामुळे

उन्हाळी_वाचन
बस बस! 'वेलिंग विंड' पण यादीत टाकलं. बाकी सांगू नका.

पानगळ
किंडलवर तिन्ही एका रात्रीत आली असती.