मदत हवी आहे: ५६ व्या वर्षी नोकरी सुटतेय, मिळणाऱ्या पैशांतून गृहकर्ज पूर्ण फेडावं की पैसे हाताशी ठेवावेत?

नमस्कार मंडळी,

यजमानांचं वय ५६. अंधेरीच्या एका खाजगी कंपनीत २७ वर्षं नोकरी झाली. आता त्यांचा अख्खा विभागच बंद होतोय आणि महिनाअखेरीस त्यांना मोकळं करणार आहेत. हे दुसरं काम शोधणारच आहेत, पण या वयात आणि सध्याच्या दिवसांत ते कधी मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून मी सगळा हिशोब काहीच मिळणार नाही असं धरून मांडलाय.

पीएफचे ३१ लाख, ग्रॅच्युइटी ८, कंपनीची भरपाई ९ आणि शिल्लक रजेचे २, असे ५० लाख हातात येतील. माझा पगार ३४ हजार. सासूबाईंच्या औषधांसकट घरखर्च ४५ हजार. मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याची फी वर्षाला पावणेदोन लाख. आणि मुलुंडच्या घराचं कर्ज ११ लाख ६० हजार बाकी आहे, व्याज ७.९ टक्के, हप्ता २१,३००.

घरातले सगळे एकच सांगताहेत. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आधी डोक्यावरचं कर्ज उतरवा, मग बाकीचं बघू." सासूबाईंचंही तेच. त्यांची काळजी मला कळते. पण बँकेचं स्टेटमेंट काढून बघितलं तर आता हप्त्यातले साडेसात हजारांच्या आसपासच व्याजात जातात, बाकी सगळी मुद्दल फिटते. उरलेल्या साडेपाच वर्षांत मिळून व्याज जाईल पावणेतीन-तीन लाख. रक्कम लहान नाही, मान्य. पण एकदा साडेअकरा लाख घरात घातले की ते परत काढता येत नाहीत. उद्या सासूबाईंना दवाखान्यात ठेवायची वेळ आली, तर नोकरी नसलेल्या ५६ वर्षांच्या माणसाला कोणती बँक या व्याजाने कर्ज देणार आहे? मला भीती कर्जाची नाही, हातात पैसा नसण्याची आहे.

म्हणून माझ्या मनात असं आहे. पाच लाख आत्ता कर्जात भरायचे आणि बँकेला मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा असं लेखी द्यायचं. हप्ता साधारण १२ हजारांवर येतो. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या व्याजाचं गृहकर्ज असल्यामुळे आधी भरण्याचा दंड नाही. तीस लाख पोस्टाच्या सीनियर सिटिझन योजनेत ठेवायचे. तिथे सध्या ८.२ टक्के आहेत, म्हणजे तिमाहीला ६१,५०० रुपये, आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आणल्यापासून एफडीचे दर उतरलेत, म्हणून हे मला जास्त मोलाचं वाटतं. शिवाय एकच मोठं खातं न उघडता दहा-दहा लाखांची तीन उघडली, तर अडीनडीला एकच मोडता येईल. पहिल्या वर्षात मोडलं तर व्याज मिळत नाही, दुसऱ्या वर्षात मुदलातून दीड टक्का कापतात, त्यानंतर एक टक्का. अशाने महिन्याचा खर्च जवळजवळ भागतो. उरलेले १५ लाख फी आणि अडचणीसाठी एफडीत.

आता जिथे अडलंय ते. साठीच्या आत ही योजना निवृत्त झालेल्यांनाच मिळते. वय ५५ च्या पुढे हवं, निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायला हवं आणि कंपनीचा दाखला लागतो. पण एचआरने जो मसुदा सही करायला दिलाय, त्यात सरळ "मी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे" असं लिहिलंय. स्वेच्छानिवृत्तीचा उल्लेख कुठेच नाही. अशा कागदावर पोस्ट खातं उघडू देतं का? भरपाईवर ५ लाखांपर्यंतची करसवलतही नियमात बसणाऱ्या स्वेच्छानिवृत्ती योजनेलाच असते ना? कोणी कंपनीकडून असा मसुदा बदलून घेतला असेल तर पत्रात नेमकं काय लिहून घेतलं ते कृपया सांगा. यांनी अजून सही केलेली नाही, मी करू दिलेली नाही.

दुसरं, आरोग्य विम्याचं. आम्ही चौघं कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहोत आणि यांना मधुमेह आहे. नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं म्हणतात. नोकरी सुटण्याआधी किती दिवस अर्ज करावा लागतो? सासूबाई ७८ च्या आहेत, त्यांना घेतात का?

ऑफिसच्या पतपेढीतले स्नेही ९ टक्के देतो म्हणून मागे लागलेत. माणसं चांगली आहेत, पण पतपेढीतल्या ठेवीला बँकेतल्यासारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांचे जे हाल झाले ते मी बघितलेत. तिकडे मी जाणार नाही. १५ लाखांची एफडीसुद्धा चार बँकांत विभागून, व्याज धरून प्रत्येकी पाचच्या आत ठेवणार आहे. भाऊ म्हणतो त्यातले पाच लाख तरी म्युच्युअल फंडात टाक. मुलाची फी संपेपर्यंत माझी तयारी नाही. यात माझं काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

ज्यांनी पन्नाशीनंतर नोकरी गेल्यावर कर्ज पूर्ण फेडलं किंवा मुद्दाम चालू ठेवलं, अशा दोन्हीकडच्यांचे अनुभव हवे आहेत. चालू गृहकर्ज ओव्हरड्राफ्टच्या प्रकारात (म्हणजे जास्तीचे भरलेले पैसे लागतील तेव्हा परत काढता येतात त्या) बदलून घेता येतं का, आणि ते पगार चालू असतानाच करावं लागतं का, हेही कोणाला माहीत असेल तर लिहा. एचआरला सोमवारी उत्तर द्यायचंय, त्यामुळे राजीनाम्याच्या मसुद्याबद्दल आधी लिहिलंत तर फार उपकार होतील.