सलग चार-पाच दिवसांच्या रेंज ट्रेकमध्ये (एका गडावरून दुसऱ्या गडापर्यंत डोंगररांगेतून चालत जाण्यात) खरा त्रास कशाचा?

डोंबिवलीकर: डिसेंबरात कसाऱ्याला उतरून रतनगड ते हरिश्चंद्रगड, तंबू-शिध्यासह. फोटो सगळे टाकतात. काय बिघडतं ते सांगा.

घाटवाट्या: पाय. उतारावर बोटं बुटाच्या टोकावर आपटून नखं काळी पडतात, मग गळतात. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, नखं दोन दिवस आधी कापा आणि उतरण्यापूर्वी घोट्याजवळची लेस आवळा. टाचेला चुरचुरलं की तिथेच थांबून पेपर टेप लावा. फोड आल्यावर उशीर झालेला असतो. मांड्या घासतात, कारण घामाचं मीठ कापडात साठतं. सकाळीच व्हॅसलिन चोपडा. याबद्दल कुणी बोलत नाही, पण चालणं यानेच थांबतं.

कातळकडा: नुसतं पाणी ढोसणं हाही धोका. घामातून सोडियम जातं, वर साधं पाणी ओतलं की रक्तात उरलेलं सोडियम आणखी पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं. माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पितो! ओआरएसचं १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटरमध्येच घाला, अंदाजाने अर्धं नको. टाक्याचं (गडावरच्या कातळात खोदलेल्या हौदाचं) पाणी फडक्याने गाळून खळखळ उकळा.

सह्यभटक्या: तिसऱ्या दिवशी मन खचतं, चिडचिड होते, आणि ‘इतकं आलोय तर’ म्हणून सुजलेल्या गुडघ्यानेही लोक पुढे जातात. माघारीच्या वाटा आधीच ठरवा, म्हणजे कुठल्या पायथ्याच्या गावात उतरायचं ते: रतनवाडी, पाचनई, खिरेश्वर. खिरेश्वरहून खुबी फाटा, तिथून कल्याणची एसटी.

डोंबिवलीकर: बूट नवे आहेत, परवाच घेतले.

घाटवाट्या: मग जुनेच घाला.