महाविद्यालयातील पर्यावरण उपक्रम: विद्यार्थ्यांच्या हाती झाडू द्यावा की वीजबिल?

खारीगावकर:
पावसाळा लागला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत वृक्षारोपण होते, गणपतीनंतर तलावांच्या काठी राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक निर्माल्य गोळा करतात. या कामाला मी नावे ठेवत नाही. विद्यार्थी घेऊन ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठावर मीही उभा राहिलो आहे. परंतु ज्या इमारतीत विद्यार्थी तीन वर्षे बसतो, तिथे वीज किती जळते, पाणी कुठे गळते आणि उपाहारगृहाचा ओला कचरा कोणत्या गाडीतून कुठे जातो, हे त्याला कोणीही दाखवत नाही. पर्यावरण हा विषय सर्व स्तरांवर शिकवावा असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही आखून दिला. मात्र त्याच्या ज्या प्रश्नपत्रिका मी पाहिल्या, त्यांत स्वतःच्या महाविद्यालयाविषयी एकही प्रश्न नव्हता. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या समितीची भेट जवळ आली की बाहेरच्या सल्लागाराकडून हरित लेखापरीक्षण, म्हणजे वीज, पाणी आणि कचऱ्याची तपासणी, उरकून घेण्यापेक्षा ते विद्यार्थ्यांनी दरमहा करावे, त्यासाठी वीज-पाण्याची बिले त्यांना पाहू द्यावीत आणि खरेदी समितीवर त्यांचे दोन प्रतिनिधी मताधिकारासह असावेत, असे माझे मत आहे.

दप्तरी:
मी पंचवीस वर्षे महाविद्यालयीन कार्यालयात काढली आहेत, त्यामुळे उत्साहानंतर काय उरते ते मला ठाऊक आहे. आमच्याकडे विद्यार्थ्यांनी गांडूळखताचा खड्डा केला होता. एप्रिलमध्ये परीक्षा आल्या, मे महिन्यात सुट्टी लागली, खड्ड्यावर माश्या घोंघावू लागल्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तो दोन सफाई कामगारांनी उपसला. त्या दोघांचे नाव कोणत्याही अहवालात आले नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्या आस्थापनांवर जबाबदारी टाकली, ती संस्थेवर, द्वितीय वर्षाच्या वर्गावर नव्हे. खरेदीचेही तसेच आहे. निविदेवर लेखापरीक्षकाचा आक्षेप आला, तर मत देणारा विद्यार्थी तोवर नोकरीला लागलेला असतो आणि खुलासा लिहीत बसतो तो लिपिक.

बदलापूर_ते_वाशी:
सर, आपण दोघेही आमच्या वेळेचा हिशेब धरत नाही. मी पहाटे निघते, ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने वाशीला पोहोचते आणि संध्याकाळी शिकवण्या घेते. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास द्यावे लागतात; मी तिथे मुख्यतः दहा गुणांसाठी गेले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्पाला आणि समाजसहभागाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत, तर बिले तपासण्याचे काम त्यांतच मोजा. ते स्वेच्छेवर सोडले, तर घर जवळ असलेली आणि खिशाची काळजी नसलेली मुलेच ‘विद्यार्थी प्रतिनिधी’ होतील.

चिपी:
खारीगावकरांच्या मांडणीत मला एक मोठी उणीव दिसते: बिलात खाडी दिसत नाही. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तरी तिला लागूनच असलेल्या नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येणे थांबले, तेव्हा ते आधी लक्षात आले नेहमी तिथे जाणाऱ्या नागरिकांच्या. पाहण्याची ही सवय चार भिंतींत लागत नाही. अर्थात, एका रविवारी हातमोजे घालून प्लास्टिक वेचण्यालाही मी शिक्षण म्हणणार नाही, कारण पुढच्या उधाणाला तोच कचरा कांदळवनाच्या मुळांत पुन्हा अडकतो. त्याच जागी वर्षभर, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर जाऊन काय अडकले त्याची नोंद ठेवली, तर कचरा कोणत्या नाल्यातून येतो हे मुलांना पुराव्यानिशी सांगता येईल.

खारीगावकर:
चिपी यांची दुरुस्ती मला मान्य आहे. दप्तरींचा मे महिन्याचा मुद्दाही खरा आहे, पण तो खड्ड्याला लागू पडतो. आकडे काही कुजत नाहीत. उलट मे महिन्याचे बिलच मुलांनी आधी पाहावे. उच्चदाब जोडणी असेल तर वापरलेल्या युनिटांखेरीज मागणी आकारही, म्हणजे विजेच्या मागणीच्या क्षमतेवर ठरणारी रक्कमही, भरावा लागतो, त्यामुळे वर्ग बंद असूनही बिल अपेक्षेइतके उतरत नाही. हा मागणी आकार किती आणि विनाकारण चालू राहिलेली यंत्रे किती, हे वेगळे काढणे हाच एका सत्राचा उत्तम प्रकल्प आहे. श्रेयांक अवश्य द्यावेत. मताधिकाराचा आग्रह मात्र मी सोडत नाही, कारण निष्कर्ष ऐकून घेऊन फाइलबंद करण्याची कला आपल्या कार्यालयांना फार चांगली अवगत आहे.

दप्तरी:
टोमणा पोहोचला. बिले दाखवायला माझी हरकत नाही आणि समितीत मुलांना बसवायलाही नाही. मत मात्र त्यानेच द्यावे, ज्याला पाच वर्षांनी जाब विचारता येतो. आणि सुट्टीत मीटरची नोंद कोण घेणार, हे अजूनही कोणी सांगितलेले नाही.

बदलापूर_ते_वाशी:
आमच्याकडे ती रोज घेतली जाते. पंप चालवणारे काका सकाळी मीटरचा आकडा आणि टाकीची पातळी एका वहीत लिहितात, सुट्टीतसुद्धा. ती वही पाहायला मिळावी म्हणून मी फेब्रुवारीत अर्ज केला होता. कार्यालयाने तो विभागप्रमुखांकडे पाठवला आणि विभागप्रमुखांनी पुन्हा कार्यालयाकडे.