मदत हवी आहे: स्पोर, स्पेस स्टेज. घर सांभाळू की आकाशगंगेच्या मध्यापर्यंत जाऊ?

रातकिडा:

नमस्कार मंडळी. खेळ जुना आहे, २००८ सालचा, मॅक्सिसचा ‘स्पोर’. इथल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी खेळला असेल, म्हणून धागा काढतोय.

पेशी, प्राणी, टोळी, सिव्हिलायझेशन हे चारही टप्पे फारसे अडले नाहीत. खरं सांगायचं तर टोळीचा टप्पा जरा पोरकटच वाटला. पण यान हातात आलं आणि खेळाचा नूरच पालटला. आधीच्या चार टप्प्यांत जे शिकलो त्यातलं जवळपास काहीच इथे कामाला येत नाही.

सध्याची स्थिती अशी. डिफिकल्टी नॉर्मल. आर्किटाइप (आधीच्या टप्प्यांतल्या खेळावरून जमातीला मिळणारा प्रकार) शामन. घरच्या ताऱ्याच्या आसपास नऊ वसाहती, त्यातल्या दोनच टी३, बाकी टी१ नाहीतर अजून टी० (हा टी-स्कोअर, टी० म्हणजे ओसाड ग्रह, टी३ म्हणजे पूर्ण हिरवा). चार साम्राज्यांशी युती आहे, एका शेजाऱ्याशी युद्ध सुरू आहे. इंटरस्टेलर ड्राइव्ह, म्हणजे यान एका उडीत किती लांब जाईल ते ठरवणारं इंजिन, तिसऱ्या लेव्हलचा. पैसा येतो तसा जातो, तिजोरीत काही टिकत नाही.

मुख्य दुखणं म्हणजे सततचे अलर्ट. एखाद्या ग्रहाचं टेराफॉर्मिंग (ग्रह राहण्याजोगा करणं) हातात घ्यावं, तापमान जरा जागेवर यावं, की वाजला भोंगा. इकडे चाचे आले, तिकडे इकोसिस्टम कोसळतेय, तिसरीकडे मित्रराष्ट्रावर हल्ला झालाय आणि ‘तुम्हीच आता आमचे तारणहार’. अख्ख्या साम्राज्यात माझं एकच यान. गावात एकच वायरमन असावा आणि प्रत्येक घरचा फ्यूज त्यानेच येऊन बसवावा, अशी गत झाली आहे. कोट्यवधी लोकसंख्येच्या माझ्या जमातीत दुसरा पायलट नाही का?

तर विचारायचं हे की अलर्ट कमी कसे करायचे, पैसा कसा उभा करायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्रॉक्स, मध्याभोवती पसरलेलं ते शत्रू साम्राज्य. मला आकाशगंगेच्या मध्यापर्यंत जायचंय. त्यांच्याशी लढू, मैत्री करू, की गुपचूप मधून निसटू?

चीट सांगू नका. कंट्रोल-शिफ्ट-सी कुठे असतं ते ठाऊक आहे, पण मजा जाते.

वाटाड्या:

रातकिडासाहेब, पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक अलर्टला धावायचं नाही. खेळ सगळ्यांचा भोंगा सारख्याच आवाजात वाजवतो, पण नुकसान सारखं नसतं.

चाचे येतात ते स्पाइस, म्हणजे वसाहतींत तयार होणारा विकाऊ माल, चोरायला. वसाहत ताब्यात घ्यायला नाही. तुम्ही नुकताच त्या ग्रहावरून माल उचलला असेल तर त्यांना काय मिळणार? येऊ द्या, जातील. इकोसिस्टमच्या अलर्टकडे दुर्लक्ष केलंत तर एखादी प्रजाती मरते आणि टी-स्कोअर घसरू शकतो. म्हणजे टी३ ग्रह असेल तर जायचं, टी१ असेल तर हातातलं काम संपवून बघायचं. शत्रू साम्राज्याचा हल्ला मात्र खरा. तिथे वसाहतच हातची जाऊ शकते, सगळं सोडून तिकडे पळायचं.

आणि टी० ग्रहावर जीवसृष्टीच नसते, त्यामुळे तिथून पर्यावरणाचा अलर्ट येतच नाही. म्हणून मी म्हणेन की प्रत्येक वसाहत टेराफॉर्म करायचा अट्टहास सोडा. दोन-तीन ग्रह निवडा, ते नीट करा, बाकीचे घुमटाखाली राहू देत.

चार मित्रराष्ट्रं थोडी जास्तच होतात. ताफ्यात त्यांची जहाजं मिळतात हे खरं, पण प्रत्येक मित्र संकटात तुम्हालाच हाक मारतो आणि गेला नाहीत तर नातं बिघडतं. दोन चांगले पुरेत. बाकीच्यांशी नुसतं बरं बोलून असा.

लगोरी:

वाटाड्यांशी अर्धीच सहमत. टी० राहू द्या म्हणणं सोपं आहे, पण स्पाइसचं उत्पादन टी-स्कोअरवर चालतं. टी० वर एकच वसाहत बसते, टी३ वर तीन. एक जांभळ्या स्पाइसचा टी३ ग्रह पाच लाल टी० ग्रहांना भारी पडतो. लाल सगळ्यात स्वस्त, जांभळा सगळ्यात महाग. नऊ विखुरलेल्या वसाहती म्हणजे नऊ ठिकाणचे भोंगे. त्यापेक्षा चार ठेवा, पण भरलेल्या ठेवा.

वसाहतीची आखणीही बघा. बरेच जण इमारती कशाही टाकतात आणि मग उत्पन्न येत नाही म्हणून रडतात. कारखाना घराला जोडला की उत्पादन वाढतं. करमणुकीची इमारत घराला जोडली की लोक खूश. पण कारखाना आणि करमणूक एकमेकांना जोडलीत तर नाराजी. त्यामुळे मध्ये घरं, एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला करमणूक. तिथल्याच खिडकीत टरेटही (संरक्षक तोफा) मिळतात, त्यात कंजुषी नको. पुढे कामगिरीच्या बॅजमधून उबर टरेट आणि बायो-स्टॅबिलायझर (इकोसिस्टम सांभाळणारं यंत्र) मिळाले की आधी टी३ ग्रहांवर बसवा. महाग आहेत, पण तुमचे अर्धे भोंगे तिथेच बंद होतील.

पैशासाठी माल घरापासून लांबच्या साम्राज्यांना विका. भाव प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. ज्यांच्याकडे जांभळा पिकतच नाही ते चांगला भाव देतात. ज्यांच्याशी बरं आहे त्यांच्याशी व्यापारी मार्ग सुरू करा. तो पूर्ण भरला की ती सिस्टिमच विकत घेता येते, एक गोळी न झाडता. माझं अर्धं साम्राज्य असंच उभं राहिलंय.

युद्ध सुरू असलेल्या शेजाऱ्याशी पैसे टाकून तह करा. मान खाली घालावी लागली तरी चालेल.

चकवा:

काय तो काळ! आमच्याकडे डेस्कटॉपवर चालायचा आणि पंख्याचा आवाज शेजारपर्यंत जायचा. बाकी माहिती शून्य, धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

रातकिडा:

वाटाड्या, लगोरी, दोघांचे आभार. चाच्यांना फक्त स्पाइस हवं असतं हे लक्षातच आलं नव्हतं, मी प्रत्येक वेळी अर्धी आकाशगंगा ओलांडून धावत होतो.

लगोरी, टी३ बद्दल पटलं, पण तिथेच घोडं अडतंय. तापमान आणि वातावरण मी आत आणतो, ठिपका बरोबर मधल्या वर्तुळात दिसतो, पैसे पाण्यासारखे जातात. थोड्या वेळाने परत येऊन बघावं तर ठिपका बाहेर. असं का?

लगोरी:

कारण तुम्ही हवा बदलताय, झाडं लावत नाही आहात.

नीट सांगते. ग्रहाजवळ गेलं की गोल नकाशा दिसतो ना, एका आत एक वर्तुळं असलेला? एका दिशेला उष्ण-थंड, दुसऱ्या दिशेला विरळ-दाट वातावरण. ठिपका बाहेरच्या वर्तुळात आला की टी१, त्याच्या आत टी२, अगदी मध्ये टी३. पण ठिपका आत ढकलणं हे अर्धंच काम. तो तिथे धरून ठेवायचं काम जीवसृष्टीचं. प्रत्येक पातळीला झाडांच्या तीन जागा भरायच्या: एक छोटं, एक मध्यम, एक मोठं. आणि प्राण्यांच्या तीन: दोन शाकाहारी, एक मांसाहारी किंवा मिश्राहारी. म्हणजे टी३ पर्यंत नऊ झाडं आणि नऊ प्राणी. झाडांची रांग भरली की तो ग्रह त्या पातळीच्या खाली घसरत नाही.

म्हणून एकदम मध्यापर्यंत ढकलू नका. टी१ मध्ये आणा आणि थांबा. तिन्ही झाडं टाका, मग शाकाहारी, मग मांसाहारी. आता टी२. परत तेच. असं पायरीपायरीने गेलात तर ठिपका मागे पळत नाही आणि पैसेही वाया जात नाहीत.

माल कुठून आणायचा? हिरव्यागार टी३ ग्रहावर जा, अ‍ॅबडक्शन बीमने प्रत्येक जातीचे थोडे थोडे उचला. एक अशी फेरी केलीत की कार्गोमध्ये पुढच्या दोन-तीन ग्रहांचं सामान होतं. एकाच जातीचे ढीगभर उचलू नका, कार्गोतली जागा मोजकी असते.

आणि ग्रह निवडताना कक्षेचा रंग बघा. ताऱ्याजवळची लाल कक्षा म्हणजे उष्ण, लांबची निळी म्हणजे थंड, मधली हिरवी. हिरव्या कक्षेतला ग्रह घेतलात तर तापमानाचा अर्धा खर्च वाचतो. लाल कक्षेत जांभळा स्पाइस दिसला म्हणून लोक उड्या मारतात आणि मग फ्रीझ रे विकत घेता घेता कंगाल होतात.

वाटाड्या:

लगोरीताईंनी मास्तरकी केली, पण बरोबर केली. मी मात्र माझ्या टी० वसाहती टी० च ठेवणार.

उल्का:

ग्रॉक्सबद्दल कोणीच बोललं नाही, तो भाग माझा.

सगळ्यात आधी, मध्यावर जाण्यासाठी ग्रॉक्सना हरवायची गरज नाही. त्यांच्या सिस्टिम दोन हजारांहून जास्त आहेत, मध्याभोवती चहूबाजूंनी. एकेक जिंकत बसलात तर आयुष्य जाईल आणि त्या वेळात मागचे सगळे भोंगे वाजत राहतील. नवीन लोक इथेच फसतात, सिव्हिलायझेशनच्या सवयीने आधी आरमार जमवू म्हणतात. इथे आरमार नको, पल्ला हवा.

मैत्री? होते. मोहिमा आणि पैसे देऊन त्यांचा राग हळूहळू उतरवता येतो, युतीसुद्धा होते, त्यासाठी ‘डान्स विथ द डेव्हिल’ नावाची अचीव्हमेंट आहे. पण ग्रॉक्सशी युती केली की बाकी जवळजवळ सगळ्या साम्राज्यांशी नातं धाडकन खाली येतं. व्यापारावर जगणाऱ्या माणसाने हे करू नये. तुम्ही लगोरींचा मार्ग धरणार असाल तर ग्रॉक्सची मैत्री म्हणजे दुकानाला कुलूप. अचीव्हमेंटच हवी असेल तर वेगळ्या सेव्हमध्ये करा.

म्हणजे उरलं निसटणं. त्यासाठी तिसऱ्या लेव्हलचा ड्राइव्ह पुरणार नाही. ट्रॅव्हलर बॅजसाठी तारे हिंडा, पाचव्या लेव्हलपर्यंत ड्राइव्ह न्या आणि वर्महोल की घ्या. ती नसताना कृष्णविवरात शिरू नका. चावी असेल तर ही कृष्णविवरं जोडीजोडीने जोडलेली असतात, एकात शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. घराजवळची सगळी तपासा, एखादं तुम्हाला मध्याच्या बरंच जवळ नेऊन सोडेल.

आता खरी गोम. मध्याच्या जवळ गेलं की ड्राइव्हचा पल्ला आखडत जातो. बाहेर एका उडीत जेवढं अंतर कापत होता, तेवढ्याला तिथे कितीतरी उड्या लागतात. नकाशावर मध्य हाताशी दिसतो आणि पुढचा तारा टप्प्यात नाही असा लाल पडतो. मग मागे या, बाजूने जा, दुसरी वाट शोधा. प्रत्येक उडीला एनर्जी जाते आणि प्रत्येक सिस्टिममध्ये ग्रॉक्सची जहाजं मागे लागतात. त्यांच्याशी झुंजत थांबायचं नाही. सिस्टिमच्या आत उतरायचंच नाही, ताऱ्यांच्या नकाशावरूनच पुढची उडी मारायची.

एनर्जी पॅक आणि रिपेअर पॅक भरपूर घ्या. सोबत दोन-तीन वसाहतीचे पॅक ठेवा. ग्रॉक्सच्या हद्दीच्या तोंडाशी एखादा मोकळा टी० ग्रह दिसला की तिथे वसाहत टाका, रिचार्ज करा, दुरुस्ती करा आणि पुढे व्हा. ती वसाहत नंतर टिकेल न टिकेल, तिचा विचार करायचा नाही. तिचं काम झालं.

आणि तुम्ही शामन आहात ना? मग परतीची चिंताच सोडा. शामनकडे ‘रिटर्न टिकट’ असतं, कुठूनही थेट घरी. मध्यावरून बाहेर पडलं की चारी बाजूंना ग्रॉक्स असतात, बाकीच्या आर्किटाइपना तो सगळा रस्ता परत तुडवावा लागतो. तुम्हाला एक बटण. एवढी सोय असून विचारत बसलात याचंच नवल वाटतं.

रातकिडा:

उल्का, हे वाचून उद्याचं काम बाजूला ठेवावंसं वाटतंय. रिटर्न टिकट मी आजवर फक्त घरच्या अलर्टला पळायला वापरत होतो.

एक शंका. मध्यावर जाऊन मिळतं काय? नुसतं बघायला जायचं की त्याचा पुढे उपयोग आहे?

उल्का:

काय दिसतं ते सांगत नाही, स्वतः बघा. मिळतं ते स्टाफ ऑफ लाइफ. कुठल्याही ग्रहावर चालवा, एका फटक्यात टी३. वापर मात्र मोजून ४२ वेळा.

लगोरी:

४२ म्हटलं की लोक हात सैल सोडतात. घरच्या हिरव्या कक्षेतल्या ग्रहांवर उधळू नका, ते हातानेही होतात. लाल आणि निळ्या कक्षेतले जांभळे ग्रह त्यासाठी राखून ठेवा. तिथे टेराफॉर्मिंगचा खर्च डोळे पांढरे करतो.

वाटाड्या:

आणि दोन-चार ग्रॉक्ससाठी ठेवा. ते फक्त टी० वर जगतात. त्यांच्या ग्रहावर हा स्टाफ चालवला की झाडं उगवतात आणि त्यांच्या वसाहती आपोआप संपतात. प्लॅनेट बस्टरने ग्रहच फोडलात तर गॅलॅक्टिक कोड मोडल्याबद्दल सगळे शेजारी तुमच्यावर उखडतील. हा मार्ग त्यापेक्षा शहाणा.

रातकिडा:

ठरलं तर मग. आधी शेजाऱ्याशी तह, नऊच्या चार वसाहती, हिरव्या कक्षेतला एक जांभळा ग्रह पायरीपायरीने टी३. मग ड्राइव्ह आणि वर्महोल की. नको असलेल्या पाच वसाहतींचं काय करू, मोडता येतात का?

वाटाड्या:

मोडायच्या कशाला? तिकडचे भोंगे ऐकू आले तरी जायचं नाही, एवढंच. शेजाऱ्याने एखादी घेतली तर घेऊ दे, स्वस्त लाल स्पाइसचीच असेल ती. आणि निघण्याआधी सगळा स्पाइस विकून कार्गो रिकामा करा. उल्का म्हणताहेत ते वसाहतीचे पॅक ठेवायला जागा लागेल.