मध्यस्थ: सोयरिकीतला आणि आयटी कायद्यातला

प्रश्न, अंबाजोगाईहून:
आमच्याकडं मध्यस्थ म्हणजे सोयरीक जमवणारा. देण्याघेण्यावरून बिनसलं की आधी त्यालाच धरतात, "तुम्ही मधी होता ना?" आता हाच शब्द आयटी कायद्याच्या मराठी पुस्तकात दिसला. माझा भाचा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. कुणी वंगाळ काही टाकलं तर मध्यस्थ म्हणून तोच अडकणार का?

उत्तर, लातूरहून:
ताई, घाबरू नका. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मध्ये मध्यस्थ म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं मजकूर घेणारा, साठवणारा किंवा पुढं पोचवणारा. मोबाइल कंपन्या, सर्च इंजिन यात आहेतच, पण सायबर कॅफेही व्याख्येत नावानिशी आहे. तहसीलसमोर ओळखपत्र बघून रजिस्टरात नाव लिहून घेणारा कॅफेवाला हाही मध्यस्थच; ते रजिस्टर त्यानं किमान वर्षभर जपायचं असतं.

सोयरिकीतला मध्यस्थ शब्द टाकतो, म्हणून बांधला जातो. आयटी कायद्याच्या कलम 79 मधला मध्यस्थ दुसऱ्याच्या मजकुराच्या जबाबदारीतून सुटतो तो मजकुरात हात घालत नाही म्हणून. मजकूर त्यानं स्वतःहून धाडलेला नसावा, तो कुणाला जावा हे ठरवलेलं नसावं, त्यात फेरफार केलेला नसावा. शिवाय नियमांप्रमाणे काळजी घ्यायची, आणि न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आली की मजकूर हटवायचा. कुणाची नुसती तक्रार पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये श्रेया सिंघल खटल्यात स्पष्ट केलं. इंटरनेटवर आक्षेपार्ह काही टाकलं तर शिक्षा सांगणारं कलम 66अ रद्द झालं तोच हा निकाल, आणि माझ्या मते इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येकानं तो माहीत करून घ्यायला हवा.

परभणीहून:
पण वकीलसाहेब, ॲडमिन मध्यस्थ की नाही, ते राहिलंच.

लातूरहून:
नाही. केरळ उच्च न्यायालयानं 2022 मध्ये तसं म्हटलंय. त्याआधी 2021 मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं, की सामायिक हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुराबद्दल ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. भाच्यानं स्वतः काही पुढं पाठवलं, तर मात्र ते त्याच्याच अंगावर.

परभणीहून:
जिल्हा न्यायालयातलं 'मध्यस्थी केंद्र' आणखी वेगळंच. तिथं तंटा मिटवतात. माणसं गोंधळणारच. बातमीत निदान 'मध्यस्थ कंपनी' असं तरी लिहावं.

लातूरहून:
पटलं. फक्त कॅफेवाल्याला 'मध्यस्थ सेवादार' म्हणावं लागेल. तो काही कंपनी नाही.