शब्दचर्चा : 'धेडगुजरी घर', 'कानडी' आणि 'मातृभाषा'

(बेळगाव भागातल्या चार गावच्या माणसांची ही चर्चा; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचं गाव दिलं आहे.)

खानापूर : आई कन्नड, वडील मराठी अशी घरं आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत. त्यांना सर्रास 'धेडगुजरी घर' म्हणतात. पोरांना 'हायब्रीड' म्हणणारेही आहेत. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतंही. हा शब्द मूळचा कुठला, आणि त्याऐवजी काय म्हणावं?

बेळगाव : 'धेड' हे गुजरातेत अस्पृश्य ठरवलेल्या जातीचं नाव, तेही हिणवून घेतलेलं. 'गुजरी' म्हणजे गुजराती. त्यांची गुजराती ती अशुद्ध, असं धरून शब्द झाला आणि पुढे कुठल्याही सरमिसळ बोलीला चिकटला. म्हणजे शिवी आधी जातीला, मग भाषेला, आणि आता पोरांना. मनात वाईट नसलं तरी शब्दात आहे; तो सोडूनच द्यावा. 'हायब्रीड' जोंधळ्याला, 'संकरित' गाईला, 'भेसळ' दुधाला. माणसाला यातलं काही लावू नये.

आणि 'शुद्ध मराठी घर' म्हणताना तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा हे शब्द आठवावेत. सगळ्यांचं नातं कन्नडशी आहे.

चिकोडी : 'दोन्हीकडचं घर' किंवा 'दुभाषी घर' म्हणा. 'दुभाष्या' नको, तो भाषांतर करून सांगणारा. 'द्वैभाषिक' व्याकरणात बसतो, खरं आपल्याकडे त्याला राजकारणाचा वास आहे. १९५६ ते १९६० चं मराठी-गुजराती मुंबई राज्य ते द्वैभाषिक. ते ज्या दिवशी झालं, त्याच १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला आणि त्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. पाव्हणे-रावळे एका दिवसात दोन राज्यांत वाटले गेले. त्या शब्दाने लग्नाची गोष्ट सांगू नये.

निपाणी : 'कानडी'बद्दल. हा मराठीतला जुना, साधा शब्द आहे. ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या अभंगातल्या 'कानडा' विठ्ठलाचा अर्थ कर्नाटकातला असाही लावतात आणि न कळणारा असाही. दुसरा अर्थ देवाला शोभतो, शेजाऱ्याला लावला की टोचतो. 'ए कानड्या' ही तर सरळ हेटाळणीच. आज भाषेला 'कन्नड' आणि माणसाला 'कन्नड भाषक' किंवा 'कन्नडिग' लिहावं. 'कन्नडिगा' हे रूप इंग्रजी अक्षरांवरून वाचल्यामुळे आलंय. मूळ शब्द 'कन्नडिग', अनेकवचन 'कन्नडिगरु'. म्हाताऱ्या माणसाने मायेने 'कानडी' म्हटलं तर मात्र त्याला टोकू नका.

चूक दोन्ही बाजूंनी होते. कन्नडमध्ये मराठी बोलणाऱ्या कुणालाही 'मराठरु' म्हणून मोकळे होतात, मग तो जातीने मराठा असो-नसो. आपण कन्नड ऐकलं की लिंगायत धरतो. निपाणीकडे घरात मराठी बोलणारे लिंगायत आहेत आणि चिकोडी भागात घरात कन्नड बोलणारे जैनही. जात आणि भाषा एका दावणीला बांधता येत नाहीत.

बेळगाव : 'ती माणसं उर्मट' हा एकमेकांबद्दलचा ग्रह कुठून येतो, ते दोन अक्षरांत दाखवतो. मराठीत 'बा' म्हणजे बाप, आदराचा शब्द. कन्नडमध्ये 'बा' म्हणजे 'ये', एकेरी. मोडकं कन्नड येणारा मराठी जावई सासऱ्याला 'बा' म्हणाला की सासरा मनात दुखावतो. तिथे 'बर्री' पाहिजे, म्हणजे 'या'. उलट 'री' मराठी कानाला बाईशी सलगीने बोलल्यासारखा लागतो. कन्नडमध्ये तो 'अहो-जाहो'चा आहे. 'एन्री' म्हणजे 'काय हो'. एवढं एक 'री' पाठ केलं तरी पहिल्या भेटीतली निम्मी कटुता टळते.

खानापूर : मग अशा घरातल्या मुलाने जनगणनेत 'मातृभाषा' काय सांगायची? दोन्ही?

बेळगाव : एकच. जनगणनेच्या सूचनांप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई त्या मुलाशी जी भाषा बोलली ती. आई तान्हेपणीच गेली असेल, तर लहानपणी घरात मुख्यतः बोलली जायची ती. इथे गल्लत होते : 'आईची भाषा' आणि 'आई बोलली ती भाषा' एक असतीलच असं नाही. माहेर कन्नड असलेली बाई मुलांशी मराठीत बोलली असेल, तर मुलांची मराठी आणि तिची स्वतःची कन्नड. 'मराठी-कन्नड' असं जोडून सांगू नये. येणाऱ्या इतर दोन भाषा वेगळ्या रकान्यात जातात, जी जास्त चांगली येते ती आधी. सांगितलेली भाषा गणकाने, म्हणजे घरोघरी नोंद करणाऱ्याने, जशीच्या तशी लिहायची, वाद घालायचा नाही आणि धर्मावरून भाषा ठरवायची नाही, असंही त्या सूचनांत आहे.

नोंद माणसागणिक होते, घराची मिळून एक भाषा नसते. तेव्हा कर्त्याने दारातच 'सगळ्यांची मराठी' सांगून गणकाला वाटेला लावू नये. सुनेला बाहेर बोलवावं, तिचं तिला सांगू द्यावं.