अनुभव धागा: ॲडमिशन सेलमधली इंटर्नशिप, नागपूरवाल्यांनो लिहा

बारावीचा निकाल लागला की सीताबर्डीपासून हिंगण्यापर्यंत कॉलेजांचे फ्लेक्स लागतात आणि त्याच सुमारास ॲडमिशन सेलला स्टुडंट इंटर्न पाहिजे असतात. फोन करायला, ज्युनिअर कॉलेजात जाऊन बोलायला, स्टॉलवर उभं राहायला. आता ओजेटीचे (डिग्रीतल्या ऑन जॉब ट्रेनिंगचे) क्रेडिट आल्यापासून बरेच जण यात शिरून राहिले. माझी चुलत बहीण विचारते, करू का? मी कधी केलं नाही, काय सांगू. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, पैशांसकट. कॉलेजचं नाव मात्र नका टाकू, उगाच भांडणं नको.

काटोलवाली
मी एका खाजगी विद्यापीठाच्या आउटरीच टीममध्ये होती. गाव तिकडचं म्हणून काटोल, नरखेड, सावनेर हीच लाईन दिली. ज्युनिअर कॉलेजात एक तास मिळायचा, त्यात पीपीटी दाखवायची. पोरी पीपीटीकडे बघायच्याच नाही, सगळ्यांचा एकच प्रश्न, ताई, मुलींना फी माफ झाली ना? जुलै २०२४ च्या जीआरची बातमी गावोगाव पोचली पण अर्धीच पोचली. ती माफी ट्युशन आणि परीक्षा फीची आहे, प्रोफेशनल कोर्सला, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे आणि ॲडमिशन कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेतूनच पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर विषय संपला. होस्टेल, मेस त्यात येत नाही. आणि खाजगी विद्यापीठं त्या जीआरमधून वगळलेलीच आहेत, म्हणजे मी ज्यांचा टीशर्ट घालून उभी होती तिथे ती माफी लागूच नव्हती! आमच्या स्क्रिप्टमध्ये यावर एकच ओळ, "आकर्षक स्कॉलरशिप उपलब्ध". मी ती ओळ म्हणायचीच नाही, सरळ सांगायची की आमच्याकडे ही माफी नाही, सीईटी दिली असेल तर आधी कॅपचा फॉर्म भर. टीम लीडर लाल व्हायचा, पण मला त्याच गावात परत जायचं असतं ना बाप्पा, उद्या तिथल्याच लग्नात जेवायला बसायचं आहे.

एका काकांनी विचारलं, बेटा, फी जुलैतच काऊन पाहिजे, संत्र्याच्या आंबिया बहाराचा पैसा तर दिवाळीच्या पुढेमागे हातात येते. पीपीटीत याचं उत्तर कुठून असणार. मी ऑफिसात खोदून विचारलं तर हप्त्यांची सोय होती, फक्त ब्रोशरमध्ये छापली नव्हती, जो विचारेल त्यालाच सांगायची. तेव्हापासून मी सगळ्यांनाच सांगत सुटली.

तर्री_जास्त
माझं कॉलिंगचं होतं. एक्सेल शीट मिळायची, नाव, नंबर, ग्रुप, गाव. हे नंबर येतात कुठून विचारलं तर कोणी धड सांगत नाही. फोन लावायचा आणि पुढे हॉट, वॉर्म, कोल्ड लिहायचं, म्हणजे ॲडमिशन घेण्याची शक्यता किती ते. दुपारी फोन आईच उचलते, पोरगा क्लासला गेलेला असतो, आणि आई इतकं मन मोकळं करते की तिच्यापुढे वॉर्म लिहू की कोल्ड समजत नाही. स्टायपेंड नावालाच, बाकी ॲडमिशनमागे इन्सेन्टिव्ह, तोही पोराने पूर्ण फी भरल्यावर. सरळ सेल्सची नोकरी म्हणा ना, इंटर्नशिप कायले म्हणता.

भाऊ_कागद_दाखव
मी प्रचारात नव्हतो बे, मले हेल्पडेस्कवर बसवलं होतं, कॅपचे फॉर्म भरून द्याले. सगळ्यात चांगलं काम तेच आहे, बहिणीले सांग तेच माग. मार्कशीट सगळ्याइकडे असते, अडते ते नॉन क्रिमीलेअरवर. ते ३१ मार्चपर्यंतच चालते, आणि लोकं जुनं घेऊन येतात, मग सेतूवर पया. जात पडताळणीचं तर त्याहून वाईट. सायन्सच्या पोट्ट्यायनं बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाकाले पाहिजे, पण कोणी सांगतच नाही, मग जूनमध्ये कुही-भिवापूरहून बाप लेकराले घेऊन समितीच्या ऑफिसात चकरा मारते. मी आमच्या सरले म्हटलं, आउटरीच जूनमध्ये कायले करता, ऑगस्टमध्येच अकरावी-बारावीत जाऊन कागदाचं सांगा. सर म्हणे, ऑगस्टमध्ये बजेट नसते. आता बोला.

अन् ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजं पसंतीनं एक-दोन-तीन लावाची यादी. पहिल्या राउंडले पहिलाच ऑप्शन लागला तर सीट फ्रीज होते, पुढच्या राउंडात जाता येत नाही. काही पोट्टे मजा म्हणून कोणतंही कॉलेज एक नंबरवर टाकतात. असा फॉर्म दिसला की मी पोट्ट्याले अन् त्याच्या बापाले दोघायले बसवून विचारत होतो, हेच पाहिजे ना नक्की?

मेडिकल_चौक
ऊन. कोणी बोललंच नाही त्यावर. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि स्टॉल मंडपात, कूलर पाहुण्यांकडे तोंड करून. दुपट्टा आणि पाण्याची बाटली सोडून जाऊ नये. बाकी काम ठीकठाक, बोलायची भीती गेली माझी.

स्टाफरूममधून
मी शिकवतो, दुसऱ्या बाजूचं लिहितो. इंटर्न मुलांना पालक सगळ्यात जास्त विचारतात ते ॲडमिशन रद्द केली तर काय, आणि नेमकं याचंच उत्तर त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. ओरिजिनल मार्कशीट, टीसी कॉलेजला अडकवून ठेवता येत नाही, यूजीसीने २०१८ मध्येच तसं काढलंय. फी परतीच्या तारखा यूजीसी जाहीर करते, २०२४-२५ ला ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केलं तर पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १००० रुपये कापून, असं होतं. चालू वर्षाचं परिपत्रक मोबाईलमध्ये ठेवावं. "काही होत नाही काका, भरून टाका" असं कोणी म्हणायला लावलं तर तिथून निघावं. आणि ओजेटी म्हणून धरायची असेल तर आधी आपल्या विभागातून लेखी होकार घ्या, नुसत्या फोन केल्याच्या नोंदी लॉगबुकमध्ये भरून आणल्या तर आम्हाला मार्क देताना पंचाईत होते.

धागाकर्ती
बहिणीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते हेल्पडेस्क मिळालं तरच करीन, आणि काटोलवाली ताईंना विचार, स्क्रिप्ट न म्हणता टिकल्या कशा?

काटोलवाली
टिकली कुठे, पुढच्या सीझनला बोलावलंच नाही त्यांनी 😄 सर्टिफिकेट मात्र भांडून आणलं.